नऊ बार

सकाळी सहाला निघालो. इलारिओच्या पाठीवर ॲल्युमिनियमचे दांडे,
माझ्या पाठीवर ड्रिल, दोरी, वही,
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेलं ते यंत्र,
वीतभर लांब, काळं, टॉर्चसारखं.
"सायकलचा पंप आणलायस का, देल्फिना?"
असं म्हणून त्याने आपला थर्मास दाखवला. त्यात पहाटेची कॉफी,
दुपारपर्यंत तिला पत्र्याची चव येते.
एकतीस उन्हाळे तो तीच पितोय. तक्रार नाही, कौतुकही नाही.

अकराला शेवटचा दांडा सापडला. आडवा पडलेला.
गेल्या सप्टेंबरात चार मीटर खोल रोवला होता,
त्याच्या पायाखालचं बर्फच निघून गेलं.
मी आकडा लिहिला. इलारिओने टोपी काढली, पुन्हा घातली.

स्टोव्ह पेटवला. एवढ्या उंचीवर पाण्याला धीर नसतो,
नव्वदीलाच उकळतं.
कॉफीला तेवढंच लागतं, जास्त तापलं तर ती चिडते.

गुडघ्यावर रुमाल टाकून एकेक भाग सोडवला.
गाळणीची वाटी, पेरभर खोल.
तिच्यात आठ ग्रॅम पूड, रव्याहून बारीक, पिठाहून जाड,
चमच्याच्या पाठीने दाबून सपाट केलेली,
कारण पाणी आळशी, भेग दिसली की तिथूनच सटकतं.
मग रबरी कडी, उकळतं पाणी, झाकण, आटे घट्ट.
बाजूला दट्ट्या, कोटाच्या बटणाएवढा.

"एवढ्याशा अंगठ्याने काय होणार?"

सुईला टोक असतं म्हणून कातडं हरतं, इलारिओ.
जागा लहान केली की जोर मोठा होतो.

पहिले चार दाब पोकळ गेले. पूड नुसती भिजते, फुगते.
थांबले. दहा श्वास.
पाचव्याला आतून कुणीतरी अंगठा परत ढकलला.
आठव्याला पेर पांढरं पडलं.
मग तोंडाशी एक थेंब, काळा, पडू की नको करणारा,
त्यामागे धार, उंदराच्या शेपटीएवढी,
आणि कपात वर तांबूस साय.

"किती जोर आहे आत?"
"नऊ बार."
"नऊ काय?"

वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला.
"शंभर मीटर बर्फ उभं राहिलं
तर त्याच्या तळाला जेवढा भार येईल ना, तेवढा."

तो कप घेईना. वर बघत राहिला.
समोरच्या कड्यावर एक रेघ आहे.
तिच्या खाली दगड फिकट, नुकता उघडा पडलेला,
वर दगडफुलांनी काळवंडलेला.
"मी सतरा वर्षांचा असताना," काठी उचलून तो म्हणाला,
"तिथून चालत पलीकडे गेलो होतो.
मी, माझा भाऊ एमे, आणि एक गाभण गाय."

लेसर लावला. अठ्ठ्याण्णव मीटर.
आकडा कुणीच मोठ्याने वाचला नाही.
आम्ही बसलो होतो तो दगड
तेव्हा सगळ्याच्या खाली होता.

त्याने यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं.
आत घोटभर पाणी उरलं असेल.
फुटक्या नखाचा अंगठा बटणावर ठेवून दाबला.
एकदा. पुन्हा. मान कलती करून,
गोठ्यात गायीच्या पोटाला कान लावतात तशी.
खाली दगडावर तीन-चार थेंब पडले, वाळले.

वाटी आपटली तशी पुडीची गोल वडी निघाली,
दाबून दाबून कोरडी झालेली, अख्खी.
मी कचऱ्याची पिशवी पुढे केली.
त्याने ती खिशात टाकली. का ते विचारलं नाही.

तोवर कप गार. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.
"एवढ्या बर्फाखालून काढलीस," म्हणाला,
"आणि साखर आणली नाहीस."

मग दांडे उचलले, आणि नवीन भोक पाडायला
बर्फ जिथवर मागे सरलंय, तिथवर चढत गेलो.